पाचवीचं वर्ष: स्कॉलरशिप, वार्षिक आणि आपण पालक

मृण्मयी_क

नमस्कार मंडळी. पोस्ट जरा लांबेल, सांभाळून घ्या.

लेक यंदा, २०२५-२६ ला, पाचवीत आहे. मराठी माध्यम, शाळा पाचवीपर्यंतचीच, म्हणजे जूनमध्ये नवी शाळा. त्याआधी फेब्रुवारीत शिष्यवृत्ती आणि एप्रिलमध्ये वार्षिक. सकाळी शाळेत जादा तास, संध्याकाळी क्लास, आणि जेवणं उरकली की घरी सराव प्रश्नपत्रिका. नाव तिनंच हौसेनं दिलं होतं. दिवाळीनंतर मात्र सगळं बिनसलंय. मी पेपर तपासायला घेतला की ती पेपराकडे बघतच नाही, माझ्या पेनाकडे बघते. पेन फुलीसाठी वळलं रे वळलं की "मला येत होतं ते" आणि डोळ्यांत पाणी. नवऱ्याचं म्हणणं, एवढ्यातेवढ्यावर सोडायला लागली तर पुढे कसं व्हायचं. सासूबाईंचं म्हणणं, पोरीला खेळू द्या. मला दोघांचंही पटतं, हीच अडचण आहे.

तर या वर्षात आईबापांनी नेमकं करायचं काय? शेजारी बसून घ्यायचं की लांब राहायचं? की सरळ स्कॉलरशिपला बसवूच नये? ज्यांची पोरं यातून गेलीत त्यांनी सांगा. "मुलांवर दबाव टाकू नका" एवढंच लिहिणार असाल तर ते आमच्याकडे कॅलेंडरच्या मागेही छापलंय. :)

निवांत_निखिल

पहिला! मी चौथीत बसलो होतो स्कॉलरशिपला. आठवतंय ते एवढंच की मधल्या सुट्टीत डब्यात पुरी-भाजी होती आणि दुसऱ्या पेपरला झोप आली. आज बँकेत आहे, बरं चाललंय. टेन्शन घेऊ नका.

कडू_कारलं

निखिलराव, पास झालात की नाही ते शिताफीनं गाळलंत.

निवांत_निखिल

@कडू_कारलं वकील आहात का?

खडू_आणि_डस्टर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवतो, दरवर्षी स्कॉलरशिपचा वर्ग माझ्याकडेच असतो.

मृण्मयीताई, परीक्षा काय आहे ते आधी पालकांनी एकदा नीट बघावं. दोन पेपर. पहिल्यात प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न, दुसऱ्यात तृतीय भाषेचे (मराठी माध्यमाला इंग्रजी) २५ आणि बुद्धिमत्तेचे ५०. प्रत्येक प्रश्नाला २ गुण, पेपर १५० चा, वेळ दीड तास. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. त्यातच उतारा वाचायचा, कच्चं काम करायचं आणि उत्तरपत्रिकेवरचा (म्हणजे ओएमआरवरचा) गोलही रंगवायचा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. दोन्ही पेपरांत ४० टक्के पडले की मूल 'पात्र'. पण पात्र म्हणजे शिष्यवृत्तीधारक नव्हे, हे निम्म्या पालकांना निकालाच्या दिवशी कळतं. ती गुणवत्ता यादी वेगळी, तिच्यातल्या जागा (संच) ठरलेल्या. राज्यात पाचवीची पाच लाखांवर मुलं बसतात, शिष्यवृत्ती मिळते सोळा-सतरा हजारांना. वर्षाला ५,००० रुपये, तीन वर्षं. २०२५ च्या निकालात तर नुसतं पात्र ठरणाऱ्या मुलांचं प्रमाणही चारात एक एवढं नव्हतं. हे आकडे मी पालकसभेत फळ्यावर लिहितो. काहींचे चेहरे उतरतात. उतरू देत, पोरापुढे उतरण्यापेक्षा बरे.

आता तपासण्याबद्दल. बहुतेक घरी "किती बरोबर?" एवढंच बघतात. बघायच्या असतात त्या चुका. पाचवीच्या पोराच्या चुका तीन जातींच्या. एक, तो घटकच डोक्यात बसलेला नाही. दोन, प्रश्न अर्धा वाचला, "गटात न बसणारा" मधला "न" गिळला. तीन, उत्तर बरोबर, गोल चुकला. पहिलीला परत शिकवावं लागतं, दुसरीला नकाराच्या शब्दाखाली रेघ मारायची सवय लावावी लागते, तिसरीला ओएमआर भरायचा वेगळा सराव. आपण तिन्हींवर "अजून एक पेपर सोडव" हाच काढा पाजतो.

तुमची लेक "मला येत होतं" म्हणते ना? विश्वास ठेवून बघा. बऱ्याचदा खरंच येत असतं.

अनु_सांगलीकर

गुरुजींना +१, खास करून गोलांबद्दल. माझ्या भाच्यानं सराव परीक्षेत ३१ वा प्रश्न "नंतर करतो" म्हणून सोडला आणि ३२ चं उत्तर ३१ च्या ओळीत रंगवलं. तिथून पुढे सगळी रांग एक घर वर. शेवटी एक ओळ रिकामी उरली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. पेनानं रंगवलेलं, खोडायचं कसं? त्याचा पेपर मी स्वतः ताडून पाहिला: प्रश्नपत्रिकेवर खुणा अगदी बरोबर, उत्तरपत्रिकेत पार विचका. बहीण त्याला गणिताच्या जादा क्लासला घालायला निघाली होती! शेवटी त्याच्या सरांनी सवय लावली: दर पाच प्रश्नांनंतर डावं बोट प्रश्नाच्या आकड्यावर, उजवं गोलाच्या आकड्यावर. तेवढ्यानं भागलं.

दोन_पोरांचा_बाप

आमच्याकडे यंदा दुहेरी धमाका. थोरली पाचवीत, धाकटा चौथीत. चौथीची स्कॉलरशिप २०१६-१७ पासून पाचवीला गेली होती, ती आता पुन्हा चौथीला आणली, आणि २०२५-२६ हे मधलं वर्ष म्हणून दोन्ही इयत्तांची परीक्षा! थोरलीची फेब्रुवारीत, धाकट्याची त्यानंतर उन्हाळ्यात. बायको म्हणते, शासनाकडे आपल्या घरचा पत्ता असणार.

एक गोष्ट मात्र आपसूक झाली. धाकट्याला शिकवायचं काम थोरलीनं अंगावर घेतलंय. त्याला अपूर्णांक समजावताना ती स्वतःच अडकते, मग गपचूप पुस्तक उघडते. आम्ही विचारलं असतं तर "येतं मला" म्हणाली असती.

विदर्भी_ठेचा

"टेन्शन घेऊ नका" हे शहरात बसून म्हणणं सोपं आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातला. पाचवीत असताना नवोदयच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या, परीक्षेत निवड झाली. सहावी ते बारावी राहणं, जेवण, पुस्तकं सगळं फुकट. ती परीक्षा आजही पाचवीतच असते: ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास, आणि आयुष्यात एकदाच बसता येतं. ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना. स्कॉलरशिपचा अभ्यास केलेल्या पोराची नवोदयची निम्मी तयारी झालेली असते. आमच्या मास्तरांनी कंदील लावून शिकवलंय. घरी कुणी लिहितं-वाचतं नव्हतं, त्यामुळे "शेजारी बसावं की नाही" हा प्रश्नच नव्हता. मास्तर बसायचे.

ताई, नाव काढू नका. पोरीला परीक्षेची भीती आहे की तुमच्या पेनाची, ते आधी बघा.

कडू_कारलं

@विदर्भी_ठेचा, तुमचं अभिनंदन, मनापासून. पण एका नवोदयला जास्तीत जास्त ८० पोरं घेतात. परीक्षेला जिल्ह्यातून हजारोंनी बसतात. निवड न झालेला कुणी "नवोदयनं माझं आयुष्य कसं बदललं नाही" असा धागा काढत नाही, म्हणून आपल्याला एकच बाजू ऐकू येते. दहा वर्षांच्या पोराला "तुझी निवड नाही" हे ऐकवायचं असेल तर त्यातून त्याला सावरण्याची तयारीही घरानं ठेवावी. ती कुठल्या क्लासमध्ये मिळत नाही.

आणि ते पालकांचे व्हॉट्सॲप ग्रुप! "आमच्या आरवचे आज २६४. तुमचे?" अहो, तो 'तुमचे?' काढून टाका, निम्म्या घरांत रात्री शांतता होईल.

विदर्भी_ठेचा

@कडू_कारलं मान्य. माझ्या बाकावरच्या मित्राची निवड झाली नव्हती. तो आज माझ्यापेक्षा जास्त कमावतो, हे त्याला सांगू नका, आधीच माज आहे. पण तो बसला होता परीक्षेला, हेही खरं.

चुलीवरची_भाकरी

मध्येच विचारते. पाचवीत आता नापास करतात असं ऐकलं. खरं आहे का? आमच्या बाई नीट सांगत नाहीत, नुसतं "लक्ष द्या" म्हणतात.

खडू_आणि_डस्टर

@चुलीवरची_भाकरी, खरं आहे, पण घाबरण्यासारखं नाही. डिसेंबर २०२३ च्या शासन निर्णयानं पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. पाचवीला विषयाला ५० गुण, पासाला ३५ टक्के, म्हणजे १८. कमी पडले तर सवलतीचे गुण आहेत, तरी नाही जमलं तर मूल मागे पडलेल्या विषयाची तयारी शाळेनं करून घ्यायची आणि जूनमध्ये पुनर्परीक्षा. त्यातही राहिलं तर मात्र पुन्हा त्याच वर्गात. शाळेतून काढत नाहीत. नियमित शाळेत येणारं मूल इथं अडकत नाही हो. अडकतं ते ऊसतोडीला, वीटभट्टीला आईबापांबरोबर गेलेलं मूल, आणि ते आणि त्याचे पालक हा धागा वाचत नाहीत. असो.

थेम्सकाठची_मावशी

इंग्लंडातून नमस्कार. इथंही तेच रडगाणं, फक्त इंग्रजीत. प्राथमिक शाळेचं शेवटचं वर्ष म्हणजे इथली सहावी, आणि मे महिन्यात चार दिवस सॅट्स. व्याकरण-स्पेलिंग, एक तासाचा वाचनाचा पेपर, गणिताचे तीन. निकाल जुलैत, ८० ते १२० च्या पट्टीवर, १०० म्हणजे अपेक्षित पातळी. गंमत अशी की माध्यमिक शाळा कुठली मिळाली ते १ मार्चलाच कळलेलं असतं. म्हणजे या परीक्षेचा प्रवेशाशी काडीचा संबंध नाही, मोजमाप मुख्यतः शाळेचं होतं. तरी २०२३ चा वाचनाचा पेपर एवढा अवघड निघाला की मुलं रडली म्हणून देशभर ओरड झाली. ग्रामर स्कूलची, म्हणजे परीक्षा घेऊनच मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळांची, प्रवेश परीक्षा वेगळीच, ती वर्षाच्या सुरुवातीला सप्टेंबरात. आपली मराठी मंडळी त्यात हिरीरीनं उतरतात, सांगायला नकोच.

माझ्या मुलाच्या बाईंनी पालकांना एकच काम दिलं होतं: रात्री वीस मिनिटं मुलाकडून मोठ्यानं वाचून घ्या, काहीही, क्रिकेटची बातमीसुद्धा. जुने पेपर शाळेत सोडवू, घरी नकोत. मला तेव्हा शाळा आळशी वाटली होती. आता त्यामागचं कारण कळतं: वाचनाचा वेग वाढला की सगळ्याच पेपरांत वेळ उरतो.

निवांत_निखिल

अवांतर: गुरुजी, तो बुद्धिमत्तेचा एखादा प्रश्न टाका ना. बघू आमची गाडी सुरू होते का.

खडू_आणि_डस्टर

घ्या. "एका रांगेत मीना डावीकडून १२ वी आणि उजवीकडून ९ वी आहे, तर रांगेत एकूण मुली किती?" आणि दुसरा, "आरशात घड्याळात ४ वाजून २० मिनिटं दिसतात, तर खरी वेळ कोणती?" ७२ सेकंद प्रत्येकी. गुगल नको.

निवांत_निखिल

२१. दुसरा नंतर करतो.

अनु_सांगलीकर

"नंतर करतो" म्हणालात की ओळ वर सरकते बरं!

दोन_पोरांचा_बाप

२० आणि ७:४०. थोरलीला विचारलं नाही, शप्पथ.

खडू_आणि_डस्टर

दोन_पोरांचा_बाप, दोन्ही बरोबर. निखिलराव, मीनाला दोनदा मोजलंत.

कडू_कारलं

बँक कुठली म्हणालात?

निवांत_निखिल

सांगत नाही. खातेदार पळतील. :D

खडू_आणि_डस्टर

हसा, पण वर्गात निम्मी मुलं २१ च म्हणतात. "बेरीज करून एक वजा" हे सूत्र पाठ करून घेतलं की त्या दिवशी जमतं. प्रश्न फिरवून "मीनाच्या डावीकडे ११ जणी" असा आला की पुन्हा गडबड. सूत्र देऊ नका. घरातल्या सगळ्या चपला दारात रांगेनं मांडा, एक चप्पल मधली धरा, दोन्ही बाजूंनी मोजायला लावा. मधल्या चपलेवर बोट दोनदा येतं ते पोराला स्वतः दिसतं. आरशाच्या घड्याळासाठी खरंखुरं घड्याळ आणि खराखुरा आरसा घ्या. बुद्धिमत्तेचा पेपर घरी खेळ म्हणून होऊ शकतो, गणिताचा नाही होत तितका. म्हणून दमलेल्या दिवशी बुद्धिमत्ता, ताज्या डोक्यानं गणित. आमच्याकडे नेमकं उलटं चालतं.

नऊवारीतली_आजी

तुमचे पेपर वाचून मजा वाटली. माझे वडील व्ह.फा. झालेले, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, सातवी पास. तेवढ्यावर त्यांना शिक्षकाची नोकरी लागली आणि आम्हा सगळ्या भावंडांची शिक्षणं झाली. त्या काळी त्या परीक्षेचा केवढा धाक. वडील सांगायचे, पेपरला जाताना त्यांची आई दारात उभी राहून एकच वाक्य म्हणाली, "जेवायला वेळेवर ये." मृण्मयी, तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

डॉ_बाळगुटी

बालरोगतज्ज्ञ आहे, एकच आकडा देतो. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते. सकाळचा जादा तास, म्हणजे सहाला उठणं आलं. जेवणानंतर पेपर, मग तो तपासणं, मग रडारड, म्हणजे झोपायला साडेदहा. बेरीज तुम्हीच करा, आणि मीनाला दोनदा मोजू नका. डिसेंबर-जानेवारीत माझ्याकडे "रोज सकाळी पोटात दुखतं" म्हणून येणारी पाचवीची पोरं रविवारी ठणठणीत असतात. पोटदुखी खोटी नसते हं, खरंच दुखतं. तपासून घ्यावं, आणि मग वेळापत्रकाकडे बघावं.

ओली_बाकरवडी

मी सध्या इंजिनिअरिंगला, पाचवीत स्कॉलरशिपधारक होते. म्हणजे या धाग्यावर मीच आरोपी आहे. :)

आई शेजारी बसायची, पण हातात पेन नसायचं, निवडायची मेथी किंवा सोलायचे मटार. मी अडले की विचारायचे, तिलाही यायचं नाही, मग दोघी मिळून उत्तरसूचीतून उलटं शोधायचो. तपासायचे मीच. स्वतः तपासताना एखाद्या चुकीच्या उत्तराला बरोबरची खूण करण्याचा मोह व्हायचा, केलीही. आईला कळत असणार. बोलली कधीच नाही. बाबा मात्र रोज ऑफिसातून आल्यावर चप्पल काढायच्या आधी "किती आले?" विचारायचे. अजूनही ते "किती आले" विचारतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो, आणि आता ते इंटर्नशिपच्या पगाराबद्दल विचारत असतात!

शिष्यवृत्ती मिळाली ते भारीच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. त्यामुळे 'बसवूच नका' वाल्यांच्या बाजूनं मी नाही. क्लासच्या मात्र विरोधात आहे. शाळेचा तास आणि क्लास दोन्हीकडे तेच चालायचं, फक्त क्लासमध्ये वेगानं.

मृण्मयी_क

सगळ्यांचे आभार. चार दिवस नुसती वाचत होते, आता लिहिते.

गुरुजी, तुम्ही सांगितलंत तसे मागचे पेपर काढून चुका वेगळ्या केल्या. करायला तिलाच बसवलं. गणितात खरोखर न येणारं फार थोडं निघालं: अपूर्णांकाची तुलना आणि सरळव्याज. बाकी सगळा 'न' गिळल्याचा आणि घाईचा माल. आणि एक वेगळीच जात सापडली, तुमच्या तिन्हींत न बसणारी: आधी बरोबर उत्तर केलेलं आणि मग बदललेलं. का बदललंस विचारलं तर म्हणाली, "तू 'हं' केलंस म्हणून." मी शेजारी बसून हुंकार देते हे मला माहीतच नव्हतं.

नवऱ्यानं इथला मीनाचा प्रश्न वाचला आणि "हे काय अवघड" म्हणून रविवारी अख्खा बुद्धिमत्तेचा भाग घड्याळ लावून सोडवला. लेकीनं तपासला. लाल पेनानं, अतिशय निर्दयपणे. किती आले ते इथं लिहायला परवानगी नाही. पण वेन आकृत्यांशी त्याचं फारसं सख्य नाही, एवढं सांगते.

नाव काढत नाहीये. तिला विचारलं, "बसायचंय" म्हणाली, फक्त क्लास नको. नवऱ्याचा क्लासला अजून पाठिंबा आहे कारण फी भरलीय. ते भांडण चालू आहे.

खडू_आणि_डस्टर

उत्तर बदलण्याची जात माझ्या वर्गातही आहे, मीही वर्गात फिरताना हुंकारत असेन. बघतो.

रात्रीचा पूर्ण पेपर बंद करा. रविवारी सकाळी अकराला एक पूर्ण पेपर, परीक्षेत पहिला पेपर अकरालाच असतो. अधल्यामधल्या दिवशी वीस-पंचवीस प्रश्नांच्या वर नको. जानेवारीअखेर नवीन घटक थांबवा. आणि निकालाआधी परीक्षा परिषद (ही परीक्षा घेणारी) अंतरिम उत्तरसूची टाकते, तेव्हा आल्या आल्या पोरीला घेऊन गुण मोजत बसू नका. त्या सूचीवर आक्षेप येतात, काही उत्तरं बदलतात, आणि तोवर वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते.

विदर्भी_ठेचा

फीचं भांडण क्लासवाल्याशी करा, नवऱ्याशी नको. अर्धी परत देतात कधी कधी, मागून बघा.

थेम्सकाठची_मावशी

सहावीच्या नव्या शाळेचं कुणी बोललंच नाही. माझ्या मुलाला परीक्षेपेक्षा त्याचीच जास्त धास्ती होती: मित्र वेगळे होणार, बस एकट्यानं पकडायची. मृण्मयी, लेकीला एकदा विचारून बघ, रडू नक्की कशाचं आहे.

मृण्मयी_क

@थेम्सकाठची_मावशी, विचारलं आत्ताच. तिच्या दोन्ही मैत्रिणी दुसऱ्या शाळेत जाणार आहेत. आणि तिच्या समजुतीप्रमाणे स्कॉलरशिप मिळाली तरच तिला "त्या" शाळेत प्रवेश मिळणार होता. हे तिला कुणी सांगितलं कुणास ठाऊक. दोन्हींचा काही संबंध नाही म्हटल्यावर तिनं मला तीनतीनदा विचारून खात्री करून घेतली.

दोन_पोरांचा_बाप

अरे देवा. मीही आमच्या दोघांना विचारतो आता.

नवखा_पालक_२५

वाचनखूण साठवली. मुलगा चौथीत, उन्हाळ्यात परीक्षा. ओएमआरला जेल पेन चालतं का?

खडू_आणि_डस्टर

नको, पसरतं. काळं किंवा निळं बॉलपेन, आणि एकाच जातीची दोन, आधी घरी वापरून झालेली. नवं कोरं पेन परीक्षेच्या दिवशी उघडू नका. चौथीसाठी वेगळा धागा काढा, तिथं येतो.